लक्ष उडतं कुठे, ते आधी पाहा : कामातले व्यत्यय कमी करण्याची एक पद्धत

वाक्य अर्धं लिहून झालेलं असतं. पुढचा शब्द सुचत नाही. क्षणभर पडद्याकडे बघत राहतो आणि पुढच्या क्षणी फोन हातात असतो. घंटी वाजलेली नसते, दिवा लुकलुकलेला नसतो, कोणी हाक मारलेली नसते. भानावर येतो तेव्हा कुणा अनोळखी माणसाच्या मांजराचा व्हिडिओ संपत आलेला असतो आणि वाक्य तिथेच, अर्धं.

व्यत्यय म्हटलं की आपलं बोट लगेच बाहेर जातं. फोन, मेल, मोठ्याने बोलणारा सहकारी. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन शाखेतल्या ग्लोरिया मार्क यांनी २००० नंतरच्या दशकात ऑफिसांत जाऊन, हातात घड्याळ घेऊन, माणसं एकेका कामावर किती वेळ टिकतात याच्या नोंदी केल्या. काम मध्येच सुटण्याच्या प्रसंगांपैकी निम्म्याच्या जवळपास प्रसंगी बाहेरून कोणी आलंच नव्हतं. माणसाने स्वतःहून काम सोडलं होतं.

म्हणून नुसती ॲप उडवून, घंट्या बंद करून भागत नाही. मी ते तीनदा केलं आहे. दर वेळी पहिले चार दिवस छान गेले आणि पाचव्या दिवशी फोनची जागा बातम्यांच्या संकेतस्थळाने घेतली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार होता. खालच्या पायऱ्या त्या तीन फसलेल्या प्रयत्नांनंतर जमलेल्या आहेत, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पायरी १ : दोन दिवस काहीही बदलू नका, फक्त नोंद ठेवा

नेहमीसारखे कामाचे दोन दिवस निवडा. शेजारी एक कोरा कागद ठेवा. कागदच हवा. नोंद फोनमध्ये करायला गेलात, तर नोंद करता करताच वाहून जाल. जेव्हा जेव्हा लक्ष कामावरून सुटल्याचं कळेल, तेव्हा एक ओळ लिहा. वेळ, मग 'बा' किंवा 'आ' (बाहेरून आलं की आतून), आणि तिसरी गोष्ट : त्याच्या अगदी आधीच्या क्षणी मी नेमकं काय करत होते.

हा तिसरा रकाना लोक गाळतात आणि खरी माहिती तिथेच असते. माझ्या कागदावर 'आ'च्या बहुतेक नोंदींपुढे फिरून फिरून तीनच गोष्टी आल्या. पुढे काय करायचं ते स्पष्ट नव्हतं. फाइल उघडेपर्यंत किंवा उत्तर येईपर्यंत थांबावं लागत होतं. किंवा एक काम नुकतंच संपलं होतं आणि दुसरं सुरू झालं नव्हतं. म्हणजे मला फोनची ओढ होती असं म्हणण्यापेक्षा कामात फटी होत्या आणि त्या फटींतून मी बाहेर पडत होते. तुमच्या कागदावर वेगळं काही निघेल. कुणाच्या नोंदी दुपारनंतरच दाटतात, कुणाच्या एका ठरावीक माणसाच्या मेलनंतर.

नोंद करायला लागलं की त्या दोन दिवसांतच व्यत्यय थोडे कमी होतात. आपल्यावर कोणी नजर ठेवून आहे म्हटल्यावर मन जरा सावरून बसतं, मग तो पहारेकरी आपणच का असेना. त्यावर हुरळून जाऊ नका, तो परिणाम टिकत नाही.

याच दोन दिवसांच्या शेवटी फोनमधली मोजदादही बघा. अँड्रॉइडवर 'डिजिटल वेलबीइंग' आणि आयफोनवर 'स्क्रीन टाइम' या सोयी २०१८पासून आहेत. किती तास फोन पाहिला या आकड्यावर सगळे अडकतात. मला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो : दिवसातून किती वेळा फोन उघडला किंवा उचलला. रात्री निवांत बसून पाहिलेला दोन तासांचा सिनेमा कामाला धक्का लावत नाही. दर दहा मिनिटांनी वीस सेकंदांसाठी उचललेला फोन दिवसाच्या चिंध्या करतो.

पायरी २ : फोन

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा उपाय म्हणजे अंतर. काम करताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. ते शक्य नसेल तर बॅगेत, आणि बॅग हाताला लागणार नाही अशा जागी. टेबलावर पालथा ठेवलेला फोन ही तडजोड आहे. टेक्सास विद्यापीठातल्या एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काहींचा फोन टेबलावर, काहींचा खिशात किंवा बॅगेत आणि काहींचा दुसऱ्या खोलीत होता. स्मरण आणि विचारांच्या चाचण्यांत दुसऱ्या खोलीत फोन ठेवलेल्यांनी टेबलावर फोन असलेल्यांपेक्षा चांगली कामगिरी केली. नंतर इतरांनी असेच प्रयोग केले तेव्हा प्रत्येकाला हा परिणाम दिसला नाही, त्यामुळे ते अंतिम सत्य मानू नका. पण अंतराचा एक फायदा सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही : उठून जावं लागलं की हाताला लागलेला चाळा मध्येच पकडला जातो. खुर्चीतून उठतानाच आपण विचारतो, कशाला चाललेय मी?

मग सूचना, म्हणजे नोटिफिकेशन. 'वाजलं तरी मी बघत नाही' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातला २०१५ चा एक प्रयोग त्यांच्यासाठी आहे. एकाग्रतेचं काम करत असलेल्या लोकांचे फोन मध्येच वाजवले किंवा थरथरवले. त्यांनी फोनला हातही लावला नाही, तरी त्यांच्या चुका वाढल्या. वाजलं म्हणजे कुणाचं असेल, काय असेल, हा विचार सुरू होतो, आणि मोडतोड तो विचार करतो.

सेटिंग्जमध्ये जाऊन नको त्या सूचना एकेक करून बंद करत बसू नका, कंटाळून अर्ध्यावर सोडाल. उलट करा. सगळ्या बंद करा आणि ज्यांना खरंच हक्क आहे त्या परत चालू करा. माझी कसोटी साधी आहे. पलीकडे जिवंत माणूस आहे का, आणि तो खास माझ्याशी बोलतोय का? फोन कॉल, घरच्यांचे संदेश, कामाच्या बैठकीची आठवण, एवढंच उरतं. 'तुमच्यासाठी नवीन व्हिडिओ', 'अमक्याने बऱ्याच दिवसांनी पोस्ट केलं', ही यंत्राने यंत्राच्या फायद्यासाठी मारलेली हाक आहे.

मात्र सरसकट शांतता सगळ्यांना मानवते असं नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही लोकांना सूचना दिवसातून तीनदा एकगठ्ठा दिल्या आणि काहींच्या पूर्ण बंद केल्या. गठ्ठ्याने मिळालेल्यांचा ताण कमी झाला, लक्ष सुधारलं. पूर्ण बंद झालेल्यांना तसा फायदा झाला नाही, उलट काहीतरी निसटतंय अशी चुटपुट वाढली. म्हणून संदेश बघायच्या वेळा ठरवून ठेवा : उदाहरणार्थ अकरा, दोन आणि पाच. वेळ ठरलेली असली की मन धीर धरतं.

'पण घरी काही तातडीचं घडलं तर?' हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर फोनमध्येच आहे. 'डू नॉट डिस्टर्ब' (फोन शांत ठेवण्याची सोय) चालू असतानाही पुन्हा पुन्हा कॉल करणाऱ्याला आत सोडण्याची सोय असते. आयफोनवर त्याच माणसाचा दुसरा कॉल ३ मिनिटांत आला तर वाजतो, अँड्रॉइडवर साधारणपणे १५ मिनिटांत. घरच्यांना एकदा सांगून ठेवा, 'तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा लाव.' शिवाय निवडक नंबर कायमचे मोकळे ठेवता येतात. ही तजवीज केल्याशिवाय फोन दूर ठेवायला जाऊ नका. पाठीमागे काळजी कुरतडत असेल तर दूर ठेवलेला फोन जवळच्या फोनपेक्षा जास्त त्रास देतो.

व्हॉट्सॲपचे गट सोडता येत नसतील तर 'नेहमीसाठी' म्यूट करा आणि अर्काइव्हमध्ये टाका. कुणाला कळत नाही आणि रुसवेफुगवे टळतात. यूट्यूबवर पाहण्याचा इतिहास बंद करून जुना पुसून टाकला की मुखपृष्ठावरच्या शिफारशी जवळजवळ नाहीशा होतात आणि हवं ते शोधूनच बघावं लागतं. आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोयही बंद करा. ज्या ॲपमध्ये सर्वांत जास्त वाहून जाता त्यातून दर वेळी लॉग आउट करा आणि पासवर्ड साठवू नका. क्षुल्लक वाटेल, पण तो पासवर्ड टाइप करायचा कंटाळाच तुमच्या बाजूने लढतो.

हे सगळं करताना स्वतःला आळशी, कमकुवत म्हणत बसू नका. खाली सरकवत राहिलं की न संपणारं पान एझा रास्किन या रचनाकाराने २००६ मध्ये तयार केलं, आणि पुढे त्यानेच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. पूर्वी पान संपायचं, 'पुढे' दाबावं लागायचं आणि त्या क्षणी माणूस थांबू शकायचा. तो थांबाच काढून टाकला. त्यात कधी रंजक काही मिळतं, कधी नाही, आणि केव्हा मिळेल याचा नेम नसतो. बक्षीस असं अनियमित मिळालं की वागणूक सुटता सुटत नाही, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर फार पूर्वीच दाखवून ठेवलं आहे.

पायरी ३ : संगणक

इथे थोडक्यात. ब्राउझरमध्ये कामासाठी वेगळा प्रोफाइल करा. त्यात करमणुकीच्या कुठल्याही खात्यात लॉग इन करू नका. लिहिताना खिडकी पूर्ण पडदाभर ठेवा. मेल सतत उघडा ठेवू नका. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या २०१५ च्या एका अभ्यासात लोकांना एक आठवडा मेल दिवसातून तीनदाच बघायला सांगितलं आणि एक आठवडा हवं तितक्या वेळा. तीनदा बघण्याच्या आठवड्यात ताण कमी नोंदवला गेला. तुमच्या नोकरीत तीनदा जमणार नसेल तर दर तासाला एकदा, तरीही फरक पडतो.

एक सवय मात्र वेगळी सांगते, कारण ती कामाचं सोंग घेऊन येते. लिहिता लिहिता 'हे जरा शोधून बघू' असं वाटतं, आणि शोधायला गेलेला माणूस अर्ध्या तासाने सात टॅब उघडे टाकून परततो. त्या जागी मजकुरात एक खूण करा, मी तीन प्रश्नचिन्हं टाकते, आणि पुढे लिहा. सगळं शोधायचं काम शेवटी एका बैठकीत करा. त्यातले निम्मे प्रश्न तोवर गैरलागू झालेले असतात.

पायरी ४ : माणसं

माणसांना म्यूट करता येत नाही, आणि करूही नये. मात्र 'आत्ता नाही' म्हणताना 'मग केव्हा' हेही सांगावं लागतं. 'हे एवढं संपवते, साडेअकराला मीच तुझ्याकडे येते.' आणि साडेअकराला खरंच जा. दोन-तीनदा शब्द पाळला की लोक निर्धास्त होतात आणि पुढच्या वेळी स्वतःच प्रश्न साठवून आणतात. शब्द मोडलात तर ते मध्येच येणार, आणि त्यात त्यांची चूक नाही. घरून काम करणाऱ्यांनी एक खूण ठरवावी : दार लोटलेलं म्हणजे थांबा, उघडं म्हणजे या. खूण दिवसभर लावून ठेवली तर तिला कोणी विचारत नाही. म्हणून ती दिवसातून दोन-तीन तासांपुरतीच.

तरीही कोणी आलंच, तर मान वर करण्याआधी वीस-तीस सेकंद मागून घ्या आणि एक ओळ लिहा. कुठे होते, परतल्यावर पहिलं काय करायचं. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसरं घेतलं की पहिल्या कामाचा काही अंश मनात रेंगाळतो आणि दुसरं काम बिघडतं. पुढे २०१८ मध्ये त्यांनी आणि थेरेसा ग्लोम यांनी नेमका हाच उपाय तपासला. परतीची छोटी नोंद करून मग व्यत्ययाकडे वळलेल्यांचं मन मागे कमी अडकलं. मला स्वतःला या संपूर्ण लेखातली सर्वांत उपयोगी युक्ती हीच वाटते. ती व्यत्यय टाळत नाही, त्याची किंमत कमी करते.

आवाजाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. त्रास आवाज किती मोठा आहे यापेक्षा त्यातले शब्द कळतात का यावर जास्त अवलंबून असतो. पंख्याची घरघर कान विसरून जातात, शेजारची कुजबुज विसरत नाहीत. म्हणून वाचन-लेखन करताना ओळखीच्या भाषेतली गाणी लावू नका. पावसाचा एकसुरी आवाज किंवा शब्द नसलेलं संगीत बोलण्यावर पांघरूण घालायला बरं.

पायरी ५ : आतून येणारे व्यत्यय

बाहेरची दारं लावून झाली की आतली गंमत सुरू होते. शांत खोली, दूर ठेवलेला फोन, आणि तरी मन खिडकीबाहेर. आता पहिल्या पायरीचा कागद पुन्हा काढा आणि 'आ'च्या नोंदी वाचा.

पुढचं पाऊल अस्पष्ट होतं म्हणून लक्ष उडत असेल, तर कामाचं नाव बदला. यादीत 'अहवाल' असं लिहिलेलं असेल तर ते काम नव्हे, ती धास्ती आहे. 'तिसऱ्या तक्त्याखाली दोन परिच्छेद : विक्री का घटली, कुठे घटली' हे काम. कसोटी अशी, की ओळ वाचून दहा सेकंदांत हात हलायला लागला पाहिजे. नाही हलला, तर ओळ अजून मोठी आहे, तोडा. आदल्या दिवशी काम बंद करतानाच उद्याची पहिली ओळ लिहून ठेवली तर सकाळची ती बोटं मोडत बसण्याची वेळ वाचते.

मध्येच दुसरंच काही आठवत असेल, बिल भरायचं राहिलं, कुणाला फोन करायचा होता, तर शेजारच्या कागदावर ते उतरवा. नुसता विषय लिहू नका, केव्हा करणार तेही लिहा : 'बिल, संध्याकाळी सहा.' मॅसिकँपो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ च्या प्रयोगांत दिसलं की अपुऱ्या राहिलेल्या गोष्टी मनात डोकावत राहतात, पण ती केव्हा आणि कशी करायची याची ठोस योजना केली की गोष्ट प्रत्यक्ष न करताही डोकावणं थांबतं. मनाला काम झालेलंच हवं असतं असं नाही, हमी हवी असते.

काम अवघड झालं की पळावंसं वाटत असेल, तर पळण्याच्या क्षणासाठी आधीच वाक्य तयार ठेवा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी 'असं झालं तर मी तसं करीन' या साच्यातल्या निश्चयांवर बरंच काम केलं आहे. मोघम संकल्पापेक्षा असे निश्चय जास्त पाळले जातात. माझं वाक्य : 'शब्द अडला तर मुद्दाम वाईट वाक्य लिहीन आणि पुढे जाईन.' एका हिशेब तपासणाऱ्या मैत्रिणीचं : 'आकडा जुळला नाही तर उभी राहीन, पाणी पिईन, आणि वरून पुन्हा बेरीज करीन.' तुमचं वाक्य तुमच्या तिसऱ्या रकान्यातूनच काढा, माझं उसनं घेऊ नका.

वाट बघण्याच्या फटी फार लबाड असतात. फाइल उतरायला चाळीस सेकंद लागणार, आणि आपण तेवढ्यात काय चाललंय ते बघून येतो. त्या चाळीस सेकंदांत काहीच करू नका. खरंच काहीच. खुर्चीत मागे टेका, लांबवर बघा. पहिले दोन-तीन दिवस हे विलक्षण अवघड जातं आणि जरा मूर्खासारखंही वाटतं. मग सवय होते, आणि मधूनच त्या रिकाम्या सेकंदांत अडलेलं वाक्य सुटतं.

आणि नोंदी जर रोज ठरावीक तासालाच दाटत असतील, तर तो थकवा आहे. त्यावर इच्छाशक्तीचा उतारा चालत नाही. त्या तासाला बिनडोक्याची कामं लावा, आणि रात्रीची झोप पुरी होते का ते बघा. अपुऱ्या झोपेवर एकाग्रतेच्या युक्त्या म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पायरी ६ : वेळेला चौकट

इतकं झाल्यावर मग घड्याळ लावा, आधी नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रांचेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यास सुरू केला. पुढे त्यातून २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती अशी पद्धत रुजली. पंचवीस हा आकडा काही पवित्र नाही. सवय मोडलेली असेल तर १५ पासून सुरू करा. तंद्री लागत असेल तर ५० करा. चौकटीत एकच काम ठेवा. एकाच वेळी दोन विचारांची कामं होत नाहीत, मेंदू फक्त इकडून तिकडे उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला वेळ जातो. एक ना धड, भाराभर चिंध्या.

विश्रांतीत फोन नको. डोळे, पाठ आणि मन, तिघांनाही पडद्यापासून सुटका हवी असते. उठा, चाला.

काहींना यातलं बरंचसं लागू होणार नाही. लहान मूल किंवा आजारी माणूस सांभाळणारे, मदतकक्षात बसणारे, यांच्यासाठी हाकेला ओ देणं हेच काम आहे. त्यांनी दिवसातून वीस मिनिटांची एक चौकट राखली तरी पुष्कळ, आणि परतीची ओळ लिहायची सवय मात्र जरूर लावावी. आणि लहानपणापासून, घरी-दारी, आवडीच्या कामातही लक्ष टिकत नसेल आणि त्यामुळे आयुष्य अडत असेल, तर कागद-घड्याळाच्या नादी लागण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्यावर निदान आणि उपचार आहेत.

सगळ्या पायऱ्या एका सोमवारी चढू नका. पहिल्या आठवड्यात नोंद आणि फोन. दुसऱ्यात मेल आणि माणसं. तिसऱ्यापासून आतली कामं. महिन्याने तोच कागद पुन्हा दोन दिवस शेजारी ठेवा. 'बा' बहुधा बरेच कमी झालेले असतील. 'आ' मात्र हळू उतरतात. तिसऱ्या रकान्यात एखादंच काम पुन्हा पुन्हा येत असेल, तर त्या कामातलं तुम्हाला काय कळलेलं नाही ते दोन ओळींत लिहा आणि ज्याला कळतं त्याच्याकडे तो कागद घेऊन जा. साडेअकराची वेळ मागून.